पिवळा दिसला म्हणजे मादीच, असं नाही: अपिस्टो, रॅम आणि क्रिब ओळखताना

अपिस्टो (पूर्ण नाव अपिस्टोग्रामा), रॅम आणि क्रिब हे टाकीत पाळायचे, सिक्लिड कुळातले बुटके मासे. त्यांच्याबद्दलचा हा प्रश्न गोव्यातल्या फोंड्याचा आहे. दोन फुटी टाकी, साधारण ५० लिटर पाणी. मडगावातल्या दुकानातून 'विएजिता' या अपिस्टोच्या जातीचे, 'एक नर पाच माद्या' असं सांगून सहा मासे दिले. सहा आठवड्यांनी एक मासा सहा सेंटिमीटरचा झालाय, त्याची शेपटी लाल ठिपक्यांची आणि दोन टोकांची आहे. बाकीचे पाच पिवळट. त्यांतला एक करवंटीतून हलत नाही आणि जवळ येईल त्याला हाकलतो. दुसऱ्या एकाच्या पाठीच्या पराची पुढची टोकं वर यायला लागली आहेत आणि मोठा मासा त्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो. जात कोणती आणि माद्या किती, हे विचारलं आहे.

आधी जात. हे विएजिता नाहीत, अपिस्टोग्रामा काकाटुऑइडेस आहेत. कशावरून? पाठवलेल्या फोटोंत मोठ्या माशाच्या पाठीच्या पराचे दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे सुटे उभे आहेत. त्यावरूनच या माशाला ते नाव पडलं. शेपटीला वर एक, खाली एक अशी दोन टोकं आहेत. ओठ जाड, जबडा अंगाच्या मानाने भारी. आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे अंगाच्या मधून जाणाऱ्या काळ्या पट्ट्याच्या खाली, पोटाच्या बाजूला, आणखी दोन-तीन बारीक समांतर रेघा. विएजिताला त्या नसतात. लाल रंगाकडे बघून जात ठरवायला गेलात तर फसाल. काकाटुऑइडेसमध्ये 'डबल रेड', 'ट्रिपल रेड' वगैरे वाण पैदासकारांनी निवडून तयार केलेत, म्हणजे किती परांवर लाल रंग उतरला त्याची ती मोजणी. तसाच लाल मॅकमास्टेरी या दुसऱ्या अपिस्टोवरही चढवला आहे. आणि दुकानात विएजिता म्हणून येणारा मासा बहुतेक वेळा हा मॅकमास्टेरीच असतो. म्हणजे तुमच्या दुकानदाराची चूक दुहेरी आहे, पण जाणूनबुजून केलेली नसावी. माल मुंबई, कोलकाता किंवा चेन्नईहून पिशव्यांत येतो आणि पिशवीवर जे लिहिलं असेल तेच काचेवर चिकटतं.

जात ओळखताना मी हा क्रम धरतो: शेपटीचा आकार, मधला पट्टा कुठे संपतो, पाठीच्या पराची पुढची टोकं, आणि रंग अगदी शेवटी. शेपटीला एकच टोक, भाल्याच्या पात्यासारखी, आणि काळा पट्टा अंगावर न थांबता थेट शेपटीत घुसलेला दिसला तर तो अगासिझी. ही पट्ट्याची खूण त्याच्या मादीतही दिसते, म्हणून ती सोन्यासारखी. मादीची शेपटी गोल असते, पण पट्टा तिचाही शेपटीत जातो. शेपटी गोलसर, वर-खाली लाल कड, अंग उंच आणि पाठीचा पर जवळपास सरळ असेल तर मॅकमास्टेरीच्या घराण्यात शोधा. गुदपराच्या (पोटाखालच्या मागच्या एकट्या पराच्या) मागच्या मुळापासून शेपटीच्या देठापर्यंत लाल डाग असेल तर होंग्सलोई. छातीच्या पराच्या मुळापासून तिरका उतरून गुदपराकडे जाणारा जादा पट्टा दिसला तर ट्रायफासिआटा, त्याच्याशी दुसऱ्या कुणाचा घोळ होत नाही. पाठीचा पर शिडासारखा उंच, पण एकही काटा पुढे सुटलेला नाही, चेहरा पिवळा आणि अंग निळं असेल तर बोरेली. हा पाराग्वे नदीच्या खोऱ्यातला, थंड पाणी सोसणारा मासा. गोव्याच्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. घेऊच नका म्हणत नाही, पण पंखा लावायची तयारी नसेल तर नकोच. निजसेनीची मादी पिवळी असून तिच्या गालावर, कुशीवर आणि शेपटीच्या मुळाशी मोठे काळे धब्बे असतात. ती एकदा पाहिली की कोणी विसरत नाही.

हे सगळं पिशवीतल्या माशावर लागू पडत नाही. घाबरलेल्या अपिस्टोचे पट्टे क्षणात उठतात, क्षणात पुसतात, आडवा पट्टा जाऊन उभ्या पट्ट्या येतात. अपिस्टोग्रामा या नावाचा ग्रीक अर्थच 'भरवसा नसलेली रेघ' असा आहे. नाव ठेवणाऱ्याने ते पार्श्वरेषेच्या, म्हणजे अंगाच्या बाजूवरच्या संवेदन-रेषेच्या, तुटकपणावरून दिलं, पण टाकीसमोर बसणाऱ्याला ते पट्ट्यांनाही लागू वाटतं. तेव्हा मासा आणल्यावर दहा ते चौदा दिवस थांबा. खायला लागला, आडोसा सापडला, की खरा अंगरंग दिसतो.

आता नर-मादी. तुमच्या पाच पिवळट माशांपैकी करवंटीत बसलेला मासा नक्की मादी आहे. नुसता पिवळेपणा हा पुरावा नव्हे. ती करवंटी राखते आहे आणि आपल्याहून मोठ्या नरालाही हाकलते, हे महत्त्वाचं. अंडी किंवा पिल्लं असलेली काकाटुऑइडेस मादी लिंबासारखी पिवळी होते आणि पट्ट्याच्या जागी कुशीवर काळा डाग राहतो. तिच्या पोटाखालच्या जोडीच्या परांकडे बघा. त्यांची पुढची कड काजळाने ओढल्यासारखी काळी असेल. ही काळी कड अपिस्टोच्या बहुतेक जातींत मादीची सर्वांत उपयोगी खूण आहे. अंड्यांच्या काळात ती गडद होते, एरवी फिकी पडते, तरी बारकाईने पाहिल्यास सापडते. नराच्या पोटपरांवर ती नसते, आणि त्याचे पोटपर टोकदार, लांब होत जातात.

पाठीच्या पराची टोकं वर येऊ लागलेला दुसरा मासा नर आहे, अजून लहान. इथे बरेच लोक चुकतात. टाकीत एक मोठा नर असला की बाकीचे नर वाढ आखडून घेतात, रंग फिका ठेवतात, मादीसारखे वागतात. मोठ्याच्या नजरेत न येता मादीच्या गुहेजवळ राहता यावं, प्रसंगी चोरून अंडी फळवता यावीत, हा त्यामागचा हिशोब. हौशी लोक यांना 'चोरटे नर' म्हणतात. पिवळट दिसणाऱ्या, शेपूट गोल ठेवणाऱ्या अशा नराला मादी समजून पाच माद्या मोजणं सहज शक्य आहे. उरलेल्या तिघांबद्दल फोटोवरून हमी देता येत नाही, पण तुम्ही घरीच तपास करू शकता.

टाकीच्या एका बाजूला जाळीचा किंवा काचेचा पडदा घाला, किंवा दुसरी २०-२५ लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टरसह, तयार ठेवा. मोठा नर आणि करवंटीतली मादी जिथे आहेत तिथेच राहू द्या. संशयितांना तिकडे हलवा, मोठ्या नराच्या नजरेआड. दिसेनासा होणं महत्त्वाचं आहे. नुसत्या काचेपलीकडे तो दिसत राहिला तर दबदबा टिकतो. चार-पाच दिवसांत संशयितांपैकी जो नर असेल तो पर ताणून उभा राहतो, अंगावर निळसर चमक येते. दोन आठवड्यांत पाठीच्या पराची टोकं सुटू लागतात, शेपटीचे कोपरे टोकदार होतात. जो मासा पिवळाच राहतो, ज्याच्या पोटपरांची कड काळीच आहे आणि जो भांड्याखाली किंवा पानाखाली शिरून जागा साफ करतो, ती मादी. हे तपासताना मासे किमान तीन सेंटिमीटरचे हवेत. त्याहून लहान माशावर कोणी 'नक्की मादी' म्हणून पैसे घेत असेल तर ते पैसे नशिबाला दिले समजा.

फोटो काढण्याबद्दल थोडं. खोलीतले दिवे बंद, टाकीचा दिवा फक्त वर आणि थोडा पुढे. मोबाईल काचेला समांतर, तिरका नाही, नाहीतर उंच मासा बुटका दिसतो. माशाला समोरच्या काचेजवळ आणायला दहा-पंधरा सेंटिमीटर रुंद काचेची पट्टी काचेमागे चार सेंटिमीटरवर उभी करा, मासा मधल्या फटीत एक-दोन मिनिटं थांबला की सलग फोटो घ्या, मग पट्टी काढा. जास्त वेळ ठेवलंत तर तो अंगरंग टाकतो आणि सगळी मेहनत वाया. एका फोटोत पर पूर्ण उघडलेले हवेत. शेपटीचं टोक मिटलेलं असेल तर गोल आणि दोन टोकांची शेपटी सारखीच दिसते.

लिंग सर्वांत पक्कं सांगणारा एकच क्षण आहे, अंडी घालायच्या एक दिवस आधी आणि घालताना. मादीच्या गुदपराच्या पुढे अंड्यांची नळी बाहेर येते, जाड, बोथट. नराची नळी बारीक आणि टोकदार, ती फक्त अंडी फळवताना दिसते. अपिस्टो गुहेच्या छताला उलटं चिकटवून ४० ते १०० अंडी घालतात. काकाटुऑइडेसची अंडी लालसर असतात. साधारण दोन-तीन दिवसांत फुटतात, आणखी पाचेक दिवसांनी पिल्लं पोहू लागतात. दोन माद्याच असल्या तरी अंडी घातली जातात, ती पांढरी पडतात. पण अंडी पांढरी पडली म्हणून दोघी माद्या आहेत असं लगेच ठरवू नका. नर कोवळा असला किंवा पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असलं तरी तेच होतं.

आणि पाणी जड का होतं? गोव्यात विहिरीचं पाणी जांभ्यातून झिरपतं, नळाचं पाणीही घाटातल्या पावसाचं. म्हणून दोन्ही बहुधा मऊ, दक्षिण अमेरिकेच्या या माशांना आवडतील असंच. ते जड आपण करतो. समुद्रावरची रेती टाकीत घालतो, वर शंख-शिंपले सजावटीला ठेवतो. त्या रेतीत शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळून पाण्यातला चुना वाढवतो, पीएच (आम्लतेचं माप) आठाकडे सरकतो. मूठभर रेतीवर थोडं व्हिनेगर टाकून पाहा, फेस आला तर ती रेती नको. नदीची बारीक रेती, एक मिलिमीटरपेक्षा लहान कणांची, चांगली. हे मासे रेती तोंडात घेऊन चाळतात, टोकदार खडी त्यांचे कल्ले ओरबाडते. बदामाची सुकी पानं हवी तेवढी मिळतात. ५० लिटरला दोन-तीन पानं पुरेत, पाणी चहासारखं होतं. मात्र फार मऊ पाण्यात पीएच अचानक कोसळायची भीती असते. आठवड्याला २० टक्के पाणी बदलत राहा, एकदम अर्धी टाकी बदलू नका.

गोव्यातल्या लोकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अपिस्टोमध्ये पिल्लांचं लिंग बऱ्याच अंशी तापमानावर ठरतं. र्‍योमर आणि बायझनहेर्झ यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक जातींत हे दाखवलं. थंड पाण्यात माद्या जास्त, गरम पाण्यात नर जास्त, आणि निकाल पहिल्या महिना-सवा महिन्यात लागतो. आपल्याकडे हीटर न लावताच पाणी २८-२९ अंशांवर असतं, मे महिन्यात ३१ वरही जातं. म्हणजे एप्रिल-मेची झोळ (एका खेपेची पिल्लं) वाढवलीत तर त्यात बरेच नर येतील, आणि ते मोठे झाल्यावर एकमेकांची शेपटी फाडतील. माद्या हव्यात तर झोळ डिसेंबर-जानेवारीत काढा, किंवा पहिले पाच आठवडे पाणी २५ ते २६ वर ठेवा. झाकण उघडून बारा व्होल्टचा छोटा पंखा पाण्यावर तिरका लावला की बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात. दमट दिवशी तेवढे उतरत नाहीत, कारण हवेत आधीच वाफ असते. उडालेलं पाणी मऊ पाण्यानेच भरा. क्षार उडत नाहीत, मागे साठत जातात.

क्रिबमध्ये हाच खेळ पीएचचा असतो. दुकानात क्रिब म्हणून मिळतो तो बहुधा पेल्विकाक्रोमिस पुल्चर, नायजेरिया-कॅमेरूनकडचा. त्याच्या पिल्लांत आम्ल पाण्यात नर जास्त निघतात. चिऱ्यातल्या विहिरीचं पाणी पीएच सहाच्या खाली असेल आणि तुमच्या क्रिबला नरच नर होत असतील, तर कारण बहुधा तेच. क्रिबचे नर-मादी ओळखणं सोपं आहे. मादी बुटकी, गोलसर, पोट चेरीसारखं लाल-जांभळं, पाठीच्या परावर सोनेरी झाक, पर मागे गोल. नर लांब, पाठीचा आणि गुदपर मागे टोकदार, शेपटीचा मध्य मागे निघालेला. पोट लाल म्हणून मादी असं मात्र म्हणू नका, नरालाही लाली येते. शेपटीवरच्या डोळ्यासारख्या ठिपक्यांची मोजणीही उपयोगाची नाही.

रॅमचं अवघड आहे, कारण रंगाच्या वाणांनी खुणाच पुसून टाकल्या. मूळचा निळा रॅम, मायक्रोजिओफेगस रामिरेझी, ओरिनोकोच्या गवताळ पठारांवरचा. त्यात मादीच्या पोटाला गुलाबी-लालसर झाक आणि कुशीवरच्या काळ्या डागात निळ्या टिकल्या असतात. नराचा काळा डाग बहुधा स्वच्छ असतो आणि पाठीच्या पराचा दुसरा-तिसरा काटा लांब. सोनेरी रॅममध्ये काळा डागच नाही, 'इलेक्ट्रिक ब्लू'मध्ये तो निळ्यात बुडतो, तेव्हा तिथे गुलाबी पोट आणि अंड्यांची नळी एवढ्यावरच भिस्त. 'बलून' रॅम म्हणजे वाकलेल्या कण्याचा मासा, त्याच्या प्रमाणावरून काही ठरत नाही, तो घेऊही नये. आणखी एक फसवणूक संप्रेरकांची. रंग लवकर चढावा म्हणून काही पैदासकार खाद्यातून नरसंप्रेरक देतात. असा रॅम नर असो वा मादी, दुकानात नरासारखा भडक, घरी आल्यावर तीन-चार आठवड्यांत फिका, आणि अनेकदा वांझ. बोटभर लांबी नसलेल्या रॅमचे पर आणि रंग पूर्ण वाढलेल्या नरासारखे दिसले तर हात आखडता घ्या.

बोलिव्हियन रॅम, म्हणजे मायक्रोजिओफेगस अल्टिस्पिनोसस, वेगळा ओळखायला सोपा: अंग पिवळट-राखाडी, निळ्या टिकल्या नाहीत, शेपटीच्या वर-खाली लांब धागे. त्यातले नर-मादी मात्र अंडी घालेपर्यंत ओळखणं कठीण. नराचे धागे थोडे लांब, अंग थोडं मोठं, एवढाच फरक. तिथे सहा लहान मासे घ्या आणि जोडी त्यांनाच ठरवू द्या.

आपल्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या, काळुंदर माशाची पिल्लंही कधीकधी 'ग्रीन क्रोमाइड' नावाने याच टाक्यांत विकायला येतात. गुदपराचे काटे मोजा. अपिस्टोला तीन, काळुंदराला बारा किंवा तेरा. बारा दिसले तर तो बुटका सिक्लिड नव्हे, मोठा होऊन तुमची दोन फुटी टाकी त्याला कपाळाला लागेल.

तर आज काय करायचं? टोकं सुटलेल्या त्या दुसऱ्या नराला आजच हलवा. कोपऱ्यात वरच्या बाजूला उभा राहणारा, शेपटी फाटलेला अपिस्टो आठवडाभरही तगत नाही. दोन फुटी टाकीत एक नर आणि दोन माद्या, एवढंच बसतं. प्रत्येक मादीला तिची करवंटी, तोंड एकमेकींकडे नाही असं, मध्ये झाड किंवा मुळी. करवंटीचं भोक दोन ते अडीच सेंटिमीटरच ठेवा, मादी आत जाईल, नराला शिरता येणार नाही, आणि पिल्लं असताना ती निवांत राहील. नवी करवंटी वापरत असाल तर खोबऱ्याचा कण न राहील इतकी खरवडा, अर्धा तास उकळा, पाणी दोनदा बदला. खोबरेल राहिलं तर पाण्यावर तवंग येतो. उरलेल्या तीन संशयितांचे दोन आठवड्यांनी बाजूने, पर उघडलेले फोटो काढा, आणि पोटपरांची पुढची कड नीट दिसेल असा एक जवळून.